मामाला उजवा केला

सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला, जिथे उन्हाचा कवडसासुद्धा वाट चुकून येतो, एक जाड दाराची खोली आहे. दारावर लाल दिवा. दिवा लागला की बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं आपोआप गप्प होतात. मग आतून एक आवाज येतो, सावकाश आणि ठाम, आईने झोपलेल्या लेकराच्या खांद्यावर हात ठेवावा तसा: "श्वास घ्या... धरून ठेवा... धरून ठेवा... सोडा."

सव्वीस वर्षं हा आवाज त्या खोलीतून येतो आहे. तिचं खरं नाव हजेरीपटात आहे, तेवढंच. बाकी सगळे तिला श्वासबाई म्हणतात. बाजारात ती दिसली की थट्टेखोर माणसं छाती फुगवून उभी राहतात. ती पिशवी सावरत, चेहरा न हलवता म्हणते, "सोडा आता, फुटाल."

हाडांचे फोटो काढायचे, हे तिचं काम. त्या कामात सुंदर आणि कुरूप नसतं. डावं आणि उजवं असतं. तिच्या एप्रनच्या खिशात शिशाची दोन अक्षरं असतात, नखाएवढी, एक डाव्याचं आणि एक उजव्याचं. हात असो, पाय असो, खांदा असो, त्याच्या शेजारी त्याचं अक्षर ठेवायचं आणि मगच बटण दाबायचं. कारण फोटोत हाड एकटंच येतं. मी डाव्या पायातलं आहे, असं ते स्वतःहून सांगत नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिच्या हातून चूक झाली होती. एका हमालाचा गुडघा होता. गर्दी होती, घाई होती, आणि उजव्या गुडघ्याशी तिने डाव्याचं अक्षर ठेवलं. प्लास्टर घालणाऱ्या म्हाताऱ्याने ते पकडलं. तो चिडला नाही, कुणाला बोलला नाही. तिच्या खोलीत आला, दार लोटून घेतलं, फोटो तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "बाई, एकदा बघता का?" एवढंच. तिने बघितलं. तीन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. तेव्हापासून अक्षर ठेवताना ती ओठांनी त्याचं नाव पुटपुटते. आजही.

अशा बाईने चव्वेचाळिसाव्या वर्षी कॅमेरा घेतला. मुलगी शिकायला परगावी गेली होती, संध्याकाळी घर मोठं वाटायला लागलं होतं. आणि सव्वीस वर्षं माणसाच्या कातडीआडचं बघून तिला आता कातडीवरचं बघावंसं वाटत होतं. सुरकुत्या, घाम, हसताना डोळ्यांशी पडणाऱ्या चुण्या, ज्या तिच्या फोटोत कधी येतच नाहीत.

आमच्याकडे वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी सकाळी हौशी फोटोवाल्यांचं मंडळ भरतं. बँकेतला रोखपाल, रोपवाटिका चालवणारी ताई, शाळेच्या प्रयोगशाळेतले काका, अशी दहा-बारा माणसं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. चित्र भिंतीवर मोठं करून दाखवायचं, खाली नाव नाही. प्रत्येकाने आधी एक चांगलं बोलायचं, मग एक वाईट. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की ज्याचं चित्र असेल त्याने तोंड उघडायचं नाही. ओळखसुद्धा द्यायची नाही. शेवटी नाव सांगितलं जातं, तेव्हा उभं राहून फक्त "धन्यवाद" म्हणायचं आणि बसायचं.

नियम वाईट नाही. मी स्वतः त्या माडीवर बसलो आहे. आपलं चित्र भिंतीवर असताना गप्प बसणं म्हणजे स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं बसणं. त्यातून माणूस शिकतो. श्वासबाईही शिकली. पहिल्याच रविवारी काका तिच्या चित्राबद्दल म्हणाले होते, "माणूस भिंतीला चिकटवून फोटो काढलाय. आता श्वास धरा म्हणायचं तेवढं राहिलंय." सगळे हसले, तीही हसली, आणि पुढच्या रविवारी तिचा माणूस भिंतीपासून चार पावलं पुढे आला होता. उजेड कुठून घ्यावा, पाठीमागचा पसारा कसा टाळावा, हे तिला डॉक्टरांनीच शिकवलं. ते खोटं म्हणणार नाही.

पण डॉक्टरांची एक खोड होती. सगळ्यांचं बोलून झालं की ते खुर्चीतून उठायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "जरा पालटून बघू या."

पालटणं म्हणजे यंत्राचं एक बटण दाबायचं. चित्राची डावी बाजू उजवीकडे जाते, उजवी डावीकडे, आरशात दिसावं तसं. डॉक्टरांचं म्हणणं असं, की आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून आपली नजर चित्रातही डावीकडूनच शिरते. चित्रातली हालचाल तिच्या सोबतीने जायला हवी, तिच्या अंगावर यायला नको. बटण दाबलं की माडीवर "वाऽऽ" होई. डॉक्टर हसत, आणि त्यांचे दात अर्थातच फार सुंदर होते.

एकदा ताईने न्हाव्याच्या दुकानाचं चित्र आणलं. ते पालटलं तर दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उलटी झाली. डॉक्टरांनी काय करावं? पाटीच पुसून टाकली. म्हणाले, "अक्षरांनी लक्ष विचलित होतं." ताईचा चेहरा उतरला, पण तिने धन्यवाद म्हटलं आणि ती बसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. श्वासबाईनेही वाजवल्या. हे लिहायला हवं, म्हणून लिहिलं.

आता मामा.

श्वासबाईला मामाने वाढवलं. बाजाराच्या टोकाला त्याचं शिवणाचं दुकान आहे, दोन मशिनींचं, लांब टेबलाचं. खिडकी पूर्वेला. मामा डावखुरा आहे. नुसतं डावखुरा म्हटल्याने काही कळत नाही, म्हणून सांगतो. शाळेत मास्तरांनी त्याचा डावा हात सुतळीने बाकाला बांधला होता. घरी बापाने त्याच हातावर पळी मारली. वयाच्या चौदाव्या वर्षी तो एका शिंप्याकडे काम शिकायला राहिला, तर त्याने आठव्या दिवशी घालवून दिलं, "तुझ्यासाठी जगाच्या कात्र्या उलट्या करू काय?" उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरून मामाने सहा वर्षं कापड कापलं. पाती एकमेकींवर नीट बसत नाहीत, कापड कापलं जाण्याऐवजी चावलं जातं, अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडतो. शेवटी एका म्हाताऱ्या लोहाराने त्याच्यासाठी उलट्या पात्यांची कात्री घडवून दिली. ती कात्री आजही त्याच्याकडे आहे आणि ती दुसऱ्या कुणाच्याच हातात चालत नाही.

मामाचे कामावर असतानाचे आयुष्यात दोनच फोटो निघाले होते. दोन्ही वेळा फोटोवाला म्हणाला होता, "मामा, कात्री जरा उजव्या हातात धरा, बरं दिसतं." दोन्ही वेळा मामाने धरली होती. ते फोटो मामीने पत्र्याच्या पेटीत तळाशी टाकले होते.

म्हणून भाची कॅमेरा घेऊन दुकानात आली तेव्हा मामाने आधी कापडाची घडी केली, मग टाचण्या डबीत टाकल्या आणि मग तोंड उघडलं.

"काढ. पण एक सांगतो पोरी. लोकांना दाखवणार असशील तर जसा आहे तसा दाखव. डावा म्हणजे डावा."

"मामा, डाव्या-उजव्याचं तू मला सांगतोस?"

"तुला नाही. तुझ्या कॅमेऱ्याला सांगतोय."

मामी आतून म्हणाली, "आणि शर्ट बदला तो! कोपरावर ठिगळ आहे. शिंप्याच्या अंगावर ठिगळ, लोक काय म्हणतील?"

मामाने स्वतः शिवलेला पांढरा शर्ट घातला, छातीच्या खिशात खडू ठेवला आणि कामाला लागला. तिने त्याला पोझ घ्यायला लावलं नाही, थांबवलं नाही. दोन तास ती स्टुलावर बसून राहिली. ऊन टेबलावर सरकत आलं. करड्या कापडावर मामाचा उजवा पंजा पसरलेला, डाव्या हातात कात्री, ओठांत तीन टाचण्या, आणि डोळे त्या रेघेवर, जी अजून कापली गेलेली नाही. तो क्षण तिने टिपला. मामा समोर होता, म्हणून चित्रात त्याची कात्री बघणाऱ्याच्या उजव्या हाताकडून निघून डावीकडे चालली होती.

घरी येऊन तिने ते चित्र बघितलं आणि किती तरी वेळ बघत राहिली. तिला वाटलं, ह्यात हाडंसुद्धा दिसतात.

रविवारी ते भिंतीवर आलं. ती मागच्या रांगेत, रोखपालाच्या शेजारी बसली होती.

ताई म्हणाली, "उजेड बघा काय पडलाय! कापडाचा वाससुद्धा येतोय मला." मग वाईट म्हणून म्हणाली, "फक्त मागची मशीन थोडी कापायला हवी होती."

काका म्हणाले, "टाचण्या झकास. पण मला भीती वाटते, गिळेल हा माणूस."

रोखपाल नेहमीसारखा घाबरत बोलला, "चांगलं आहे. म्हणजे, मला वाईट काही सापडत नाही. माफ करा."

"वाईट सापडलंच पाहिजे," डॉक्टर उठत म्हणाले. चष्मा कपाळावर गेला. "चित्र उत्तम आहे. पण बघा, आपली नजर डावीकडून आत येते आणि समोरून कात्री येते अंगावर. नजर दचकते, बाहेर पळते. जरा पालटून बघू या."

बटण दाबलं. एका क्षणात मामा उजवा झाला.

"वाऽऽ," माडी म्हणाली.

श्वासबाईने खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी धरून ठेवल्या. नियम म्हणजे नियम. तिने ज्या चित्रांना टाळ्या दिल्या होत्या त्यांचे धनीही असेच बसले असतील, हे तिला त्याच क्षणी कळलं. नाव सांगितलं गेलं. ती उठली, तिच्या तोंडून धन्यवाद निघाला, आणि ती बसली. मंडळ संपल्यावर जिन्यात तिने डॉक्टरांना गाठलं. हळू आवाजातच म्हणाली, कारण डॉक्टर मोठे, आणि जिन्यात माणसं होती.

"डॉक्टर, ते चित्र पालटू नका हं. तसंच असू द्या."

"बघू, बघू," डॉक्टर किल्ल्या शोधत म्हणाले. "प्रदर्शनात लावायचं आपण. मोठं करून लावायचं!"

मोठं करून लावायचं, एवढंच तिने ऐकलं. त्या आनंदात "बघू" विसरली. तिने मामाला सांगितलं, मामाने मामीला, मामीने गल्लीला.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. सकाळी दवाखान्यात उलटलेल्या बसमधले जखमी आले, त्यामुळे श्वासबाईला वेळेवर निघता आलं नाही. मामा-मामी पुढे गेले. मामाने नवा शर्ट घातला होता, मामीने कानात फुलं. खाली वाचनालयाच्या मोठ्या दालनात चाळीस चित्रं टांगलेली, आणि समोरच्या भिंतीवर, दाराएवढं, मामाचं. चौकटीवर लाल फीत होती. पहिलं बक्षीस.

चित्राखाली पाटी होती: "एकाग्रता". तिने नाव दिलं होतं "मामा". तेही बदललं होतं.

मामा चित्रासमोर उभा राहिला. आधी हसत होता. मग हसू ओठांवरच थांबलं. तो एक पाऊल पुढे गेला, एक पाऊल मागे आला. त्याने आपला उजवा हात वर केला, बघितला, खाली केला.

तेवढ्यात मागून बाजारातला दुसरा शिंपी आला, तो काचेच्या दारांच्या दुकानवाला. त्याला हातांशी काही घेणं नव्हतं. तो शिंपी होता. त्याने शर्ट बघितला.

"अहो मामा! हे काय हो? चाळीस वर्षं लोकांचे शर्ट शिवले आणि स्वतःच्या शर्टाची बटणपट्टी बायकांची लावलीत?"

खरंच होतं. पुरुषाच्या शर्टाची डावी बाजू वर येते, बायकांची उजवी. चित्र पालटलं तशी पट्टीही पालटली होती. खिसा उजव्या छातीवर गेला होता. माणसं जवळ आली. बघायला लागली, हसायला लागली.

"आणि खिसा! खिसा बघा उजवीकडे!"

"मामा, माझा शर्ट टाकलाय हो तुमच्याकडे. जरा नीट बघून द्या!"

"झोपेत शिवला असेल."

माणसं दुष्ट नव्हती. ह्यांतल्या निम्म्यांच्या अंगावर मामाच्याच हातचे कपडे होते. पण ज्याने चूक केली नाही त्याला चूक झाली म्हणून हसतात, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघवत नाही. मामाने खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला, आणि मोठ्याने कुणाला तरी विचारावं तसं विचारलं, "हा कोण?"

"तुम्हीच की," कुणी तरी म्हणालं.

"मी नाही. हा उजवा आहे."

श्वासबाई धावत आली तेव्हा तिच्या अंगावर अजून एप्रन होता. दारातच मामीने गाठलं. "बघ काय केलंय तुझ्या लोकांनी." तुझ्या लोकांनी, हे तिला कानशिलात बसावं तसं बसलं. तिने चित्र बघितलं. हमालाच्या त्या गुडघ्यानंतर असा डाव्याचा उजवा झालेला फोटो तिच्या नावाने कुठेही गेला नव्हता.

मामा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता.

"तू केलंस?"

"नाही मामा."

"तुला माहीत होतं?"

तिला खोटं बोलता येत नाही. "त्यांनी करून दाखवलं होतं. मी नको म्हटलं होतं."

"मोठ्याने म्हणालीस?"

तिने एप्रनच्या खिशातली शिशाची अक्षरं मुठीत धरली. मामाने पुढे विचारलं नाही. पण बक्षिसासाठी तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हाही तो प्रश्न तिच्या कानात होता.

मंचावर डॉक्टर होते, शेजारी बाहेरून आलेले परीक्षक. विजेत्याने धन्यवाद म्हणायचं आणि खाली उतरायचं, अशी तिथलीही रीत. डॉक्टरांनी ढाल पुढे केली. तिने हात पाठीमागे घेतले.

"हा फोटो मी काढलेला नाही."

दालनात खुर्च्या करकरल्या.

"असं कसं म्हणता?" डॉक्टर हसत म्हणाले. "आपणच काढलाय. मी फक्त थोडा पालटला. सूचना म्हणून."

"सूचना? सूचना तोंडाने देतात, डॉक्टर. मी नको म्हटलं होतं."

"कधी? मला आठवत नाही."

मागच्या रांगेतून एक आवाज आला. रोखपाल उभा होता. "जिन्यात. मी होतो तिथे. बाई नको म्हणाल्या, तुम्ही बघू म्हणालात."

"तुम्ही बसा हो."

"बसतो," रोखपाल म्हणाला, आणि बसला नाही.

डॉक्टरांचं हसू आता जरा अवघडलं. "बाई, मी समजू शकतो. तुमच्या कामात डावं-उजवं महत्त्वाचं आहे. पण हा दवाखाना नाही. ही कला आहे. परीक्षकांना विचारा, बक्षीस ह्याच चित्राला मिळालंय."

परीक्षक म्हणाले, "चित्र उत्तमच आहे. मला मूळ चित्र कुणी दाखवलं नाही." बिचारे एवढंच म्हणाले आणि पाण्याचा पेला उचलला.

"डॉक्टर," श्वासबाई म्हणाली, आणि तिचा आवाज आता त्या जाड दाराच्या खोलीतला होता, "समजा, माझी डावीकडची दाढ दुखतेय म्हणून मी तुमच्याकडे आले, आणि तुम्ही उजवीकडची उपटली. मग म्हणालात, बाई, चेहऱ्याची ठेवण बघा किती सुधारली! मी धन्यवाद म्हणायचं?"

सगळं दालन खिदळलं. काका तर खुर्चीचा आधार घेऊन हसले. डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"दिवसभर तोंडात आरसा घालून बघता तुम्ही. तिथे आरशातलं डावं कुठलं आणि खरं कुठलं, हे तुम्हाला बरोबर कळतं. कारण तिथे माणूस ओरडतो. माझ्या चित्रातला माणूस ओरडत नाही, म्हणून?"

"अहो, पण बघणाऱ्याला काय कळतंय, कात्री कुठल्या हातात आहे ते!" डॉक्टर पहिल्यांदाच चिडून म्हणाले. "कुणाला फरक पडतो?"

"मला," खालून मामा म्हणाला.

तो उठून मंचापाशी आला होता. वर चढला नाही. खालूनच, मान वर करून बोलला. मामा कधी मोठ्याने बोलत नाही, त्या दिवशीही बोलला नाही. लोकच गप्प झाले.

"ह्या हातासाठी मास्तरांनी बांधून घातलं. बापाने मारलं. उस्तादाने हाकललं. मला उजवा करायला निघालेले सगळे थकले, साहेब. मी झालो नाही. तुम्ही एका बोटाने केलात."

डॉक्टरांनी पुढे केलेली ढाल खाली घेतली.

"आम्हीही सांगतो लोकांना. तुमचा एक खांदा उतरता आहे, पोट सुटलंय, हा रंग तुम्हाला शोभत नाही. सांगावंच लागतं. पण आधी माणसाला समोर उभं करतो, खडूने रेघ मारतो, आणि विचारतो, चालेल का? नाही म्हणाला तर खडू झटकतो. कापड त्याचं आहे. तुम्ही खडू हातात घेतलाच नाहीत. थेट कात्री. आणि ती पण उजवी."

दुसरा शिंपी, तो काचेच्या दुकानवाला, मागे भिंतीशी उभा होता. त्याने मान खाली घातली. "चुकलं मामा," तो पुटपुटला. पण ते फार लांबून होतं, आणि मामाला ऐकू आलं की नाही, मला सांगता येणार नाही.

श्वासबाई मंचावरून उतरली, भिंतीपाशी गेली. रोखपालाने न सांगता स्टूल आणून ठेवलं. दोघांनी मिळून चौकट खाली घेतली.

"अहो, ती चौकट मंडळाची आहे!" डॉक्टर मंचावरून म्हणाले. "आणि बक्षिसाचं काय?"

"बक्षीस ज्याचं आहे त्याला द्या," ती म्हणाली. "तुम्ही एक उजवा शिंपी बनवलात. बायकी बटणपट्टीचा. त्याला शोधा आणि त्याला द्या."

चौकटीमागचे बारीक खिळे मामाने नखाने एकेक करून वाकवले. पुठ्ठा काढला, चित्र काढलं, काच पुन्हा नीट बसवली. ती रिकामी चौकट त्याने मंचाच्या कडेला टेकवून ठेवली, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तशी, ओरखडा न पडू देता. मग चित्राची गुंडाळी करून तो, मामी आणि भाची बाहेर पडले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवायला नकोच होत्या.

पुढे डॉक्टरांनी माफी मागितली असं मी ऐकलेलं नाही. मंडळाची वार्षिक पुस्तिका आधीच छापून झाली होती, ती तशीच वाटली गेली. तिच्या मुखपृष्ठावर अजून तो उलटा माणूस आहे, "एकाग्रता" नावाचा. श्वासबाईला एक पत्र आलं, की नियमभंगामुळे तिचं सभासदत्व तीन महिने स्थगित करण्यात येत आहे. नियम कोणता? तर चित्रकर्त्याने बोलू नये, हा. ताईने ते पत्र वाचलं आणि त्याच दिवशी आपल्या न्हाव्याच्या दुकानाचं मूळ चित्र, ज्याची प्रत तिने स्वतःकडे ठेवली नव्हती, मागायला डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. मिळालं नाही. पुसलेल्या पाटीवरची अक्षरं काय होती, हे आता न्हाव्यालाच विचारावं लागेल.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी ते तिघं सरळ दुकानात आले. मामीने पाणी दिलं. रोखपाल मागोमाग आला, दारातच उभा राहिला. "बाई, खरं चित्र आहे ना तुमच्याकडे? तसंच मोठं करून घेऊ. मी येतो छापायला."

"आहे," श्वासबाई म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता. "ह्याचं काय करू आधी ते सांगा. जाळून टाकू?"

"जाळतेस कशाला?" मामाने गुंडाळी तिच्या हातातून घेतली, टेबलावर पालथी पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार लोखंडी वजनं ठेवली. पांढरी पाठ वर आली. त्याने बोटाने कागदाचा जाडपणा चाचपला. "एवढा मोठा, एवढा जाड कागद. कॉलरचे साचे डझनभर तरी निघतील."

"मामा, अरे, तुझाच चेहरा आहे त्यावर!"

"माझा नाही. मघाशी सांगितलं ना." त्याने खडू घेतला, रेघ मारली, मग थांबला आणि भाचीकडे बघितलं. "चालेल का?"

तिने मान हलवली.

"मोठ्याने सांग."

"चालेल," ती म्हणाली, मोठ्याने.

मामाने कापायला सुरुवात केली. दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं, त्याला शर्टाचं माप द्यायचं होतं. मामीने त्याला बसायला सांगितलं.